सिंह लग्नावरचे शेअर

अण्णा,

परवा धाकटीची मुलगी दर्शनाला म्हणून आली आणि दोन दिवस राहिली. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, तुम्ही गेलात त्यानंतर दोन वर्षांनी ती झाली. नोकरी करते, भरभर बोलते, आणि आपल्या जिन्याला घाबरते. सकाळी चहा होत होता तेव्हा तिनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. म्हणाली, "मावशी, ही टेलिकॉम कंपनी बघ ना, कसली वाढतेय! शेअर घेऊन ठेवू का? आई म्हणते, तुला यातलं फार कळतं." मी म्हटलं, मला काही कळत नाही, चहा पी. तिनं चहा प्यायला आणि मग सहज, कपबशी विसळताना, विचारलं, "आजोबांनी तुला कधी जाऊच दिलं नाही ना गं? मुहूर्तच काढला नाही म्हणे शेवटपर्यंत." मी "हो" म्हटलं. हे "हो" मी इतक्या वर्षांत इतक्या जणांना म्हटलंय की ते आपोआप बाहेर येतं. पण परवा ते तोंडातून गेल्यावर मला जेवण गेलं नाही. पोरगी गाडीत बसली, मी परत आले, आणि आता हे लिहायला घेतलंय. तुम्हाला कळावं म्हणून नाही. तुम्हाला ते माहीतच होतं.

दुर्गाघाटाच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या तीन भाड्याच्या खोल्या. बाहेरची खोली तुमची. तिथे चौरंग, त्यावर पंचांग, शेजारी दगडी पाटी आणि पेन्सिल. जगात कागद स्वस्त झाला तरी तुम्ही गणित पाटीवरच करायचात, कारण म्हणे दुसऱ्याचं भविष्य लिहून ठेवायचं नसतं, पुसायचं असतं. माणूस यायचा, समोर सुपारी ठेवायचा, तुम्ही म्हणायचात, "एक से एक सौ आठ के बीच कोई संख्या कहिए." तो आकडा सांगायचा, तुमची पेन्सिल कुरकुरायची, आणि मी आतल्या खोलीत वरणाला फोडणी द्यायची थांबायचे, कारण फोडणी नाकात जाऊन समोरचा शिंकला की तुम्हाला अपशकुन व्हायचा. आई गेल्यापासून स्वयंपाकघर माझ्याकडे आलं होतं. सकाळची चूल आटोपून मी कॅन्टोन्मेंटकडे टेलिफोन एक्सचेंजात जायचे, कानाला हेडफोन लावून बसायचे, आणि साऱ्या गावाची माणसं एकमेकांना जोडून द्यायचे. संध्याकाळी परत चूल. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि मला वाटायचं की या दोन खोल्यांच्या मधला रस्ता हेच काय ते माझं जग.

तुमचे नियम पक्के होते. लॉटरीचा प्रश्न घ्यायचा नाही, सट्ट्याचा नाही, खोट्या खटल्याचा नाही. म्हणून चौकातले ते साडीवाले सेठजी पहिल्यांदा शेअरचा गुलाबी फॉर्म घेऊन आले तेव्हा तुम्ही हात जोडलेत. त्यांच्या आजोबांचे मुहूर्त आपल्या आजोबांनी काढलेले, घरोबा जुना, तरी तुम्ही म्हणालात, "सेठजी, सट्टे का प्रश्न हम नहीं लेते." सेठजी कळवळून म्हणाले, "महाराज, सट्टा काहे का? कंपनी है. टेलीफोन का तार बनाती है." तुम्ही पंचांग मिटलंत. मग उठून आत आलात आणि माझ्याकडे पाणी मागितलंत. तांब्या-भांडं तुमच्या उजव्या हाताशी होतं, अण्णा. ते मलाही माहीत होतं आणि तुम्हालाही.

मी मटार सोलत होते, त्या दिवशी मटार वाटून निमोना करायचा होता. तुम्ही भांडं हातात धरून विचारलंत, "टेलिफोन म्हणजे व्यापार की जुगार?" मला हसू आलं. म्हटलं, "अण्णा, आमच्याकडे फोन पाहिजे म्हणून नाव घातलेली माणसं मरून जातात आणि मग त्यांच्या मुलाच्या नावावर नंबर लागतो. गल्लीगल्लीत पिवळे बोर्ड लावून एस.टी.डी.ची दुकानं निघाली आहेत, रात्री दर कमी झाला की तिथे रांग लागते. ज्या वस्तूसाठी माणूस वर्षानुवर्षं थांबतो तो जुगार कसा?" तुम्ही म्हणालात, "आणि तार?" मी म्हटलं, "तार नसली तर फोन काय दोरीला बांधणार? आमचे ज्युनिअर इंजिनीअर रोज तारेसाठी रडतात." तुम्ही पाणी न पिताच बाहेर गेलात आणि थोड्या वेळानं तुमचा आवाज आला, "व्यापार है. लाभ है. सोमवार को भरिए." सेठजींना त्यात खरंच फायदा झाला. मग ते पुन्हा आले, मग त्यांचे साडू आले, मग चौकातले आणखी दोघं. प्रत्येक वेळी तुम्हाला तहान लागायची.

तुम्ही खोटे नव्हतात, हे मला तेव्हाही पटत होतं. एकदा मी चिडून विचारलं तेव्हा तुम्ही शांतपणे सांगितलंत, "शास्त्रातच आहे. देश, काळ, पात्र बघून फळ सांगावं. या टेलिफोनचा देश-काळ मला कळत नाही, तुला कळतो. तू तो सांग, फळ मी सांगतो." ऐकायला किती छान! पण एकदा सेठजी एका कंपनीबद्दल काहीतरी भलतंच समजून बसले होते, मला राहवलं नाही, मी पदराला हात पुसत दारात आले आणि सरळ त्यांना सांगून टाकलं की ही कंपनी नुसते डबे जोडते, आतला माल बाहेरून आणते. सेठजी अवघडले. संध्याकाळी पान वाढल्यावर, माझ्याकडे न बघता, तुम्ही म्हणालात, "बैठकीत उत्तर चौरंगावरून जातं. चुलीवरून नाही." मी पोळी तव्यावरच करपवली आणि तीच तुम्हाला वाढली. तुम्ही ती खाल्लीत. तुमचं सगळंच असं असायचं, भांडायलासुद्धा जागा ठेवायचा नाहीत.

त्याच हिवाळ्यात माझा निकाल लागला. खात्याच्या परीक्षेत मी पास झाले होते. आधी जबलपूरला ट्रेनिंग, मग अधिकारी म्हणून नेमणूक, बहुतेक नागपूर नाहीतर पुणे. पत्र घेऊन मी जिना चढले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. तुम्ही पत्र दोनदा वाचलंत, देवापुढे ठेवलंत, मला जवळ घेतलंत. आणि मग पंचांग उघडलंत. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूळ. त्यापुढे पंचक, आणि पंचकात दक्षिणेचा प्रवास वर्ज्य. पंचक संपलं तर माझ्या राशीला चंद्र आठवा. चंद्र सरकला तर रिक्ता तिथी. मी म्हटलं, "दिशाशूळ असला तर लोकांना तुम्ही दही खाऊन निघायला सांगता की!" तुम्ही म्हणालात, "लोक दोन दिवसांसाठी जातात. तू परत यायला थोडीच जाते आहेस?" इतकं बोलून तुम्ही चष्मा पुसत बसलात. मी पुढच्या बॅचसाठी अर्ज केला. पुढच्या बॅचलाही चंद्र आठवाच निघाला. एक्सचेंजातल्या बायका विचारायच्या, "कब जा रही हो, दीदी?" आणि मी सांगायचे, "मुहूर्त देख रहे हैं." त्या हसायच्या. मला रडू यायचं, पण कानाला हेडफोन असला की माणसाला रडता येत नाही, पलीकडून कोणीतरी सतत हॅलो हॅलो करत असतं.

आता त्या कंपनीचं. फाल्गुनात सेठजी आले ते एका कंपनीनं छापलेलं जाडसर माहितीपुस्तकच घेऊन आले. ही कंपनी आधी टेलिफोनची यंत्रं करायची, आता तिला खिशात घेऊन हिंडायच्या फोनचा परवाना मिळाला होता, आणि तिचे शेअर लोकांसाठी निघणार होते. वर्तमानपत्रांत पान-पानभर जाहिराती. सेठजींच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात ठरलेलं. लग्नाला म्हणून बाजूला काढलेलं सगळं यात घालायचं आणि लग्नापर्यंत त्याचं दुप्पट करायचं, असा त्यांचा बेत होता. तुम्ही ते पुस्तक माझ्या कणकेच्या डब्यावर ठेवलंत आणि म्हणालात, "नीट बघ. पोरीच्या लग्नाचं आहे."

मी चार दिवस ते पुस्तक वाचलं, अण्णा. तुम्ही झोपल्यावर नाही, तुमच्यासमोर, भाजी निवडता निवडता. आणि खरं सांगते, आयुष्यात कुठलीही गोष्ट मी इतक्या आवडीनं वाचली नव्हती. पहिली गोष्ट मला कळली ती ही की धंदा खरा आहे. फोनची भूक किती आहे ते माझ्याइतकं कोणाला माहीत? माणसाला तारेशिवाय फोन मिळाला तर तो घेणारच. पण मग पुढे लिहिलं होतं की या परवान्यासाठी कंपनीनं सरकारला दरवर्षी काय द्यायचं कबूल केलंय. मी वाण्याच्या पुडीच्या कागदावर हिशेब मांडला, नुसतं ते देणं फेडायला रोज किती नवी गिऱ्हाइकं लागतील. तेवढी माणसं आपल्या सगळ्या गल्ल्या रिकाम्या केल्या तरी निघाली नसती. वर यंत्र महाग, बोलणं महाग, आणि आलेला फोन घेतला तरी पैसे पडणार. आपल्या गावात कोण पैसे देऊन दुसऱ्याचं ऐकून घेणार? शिवाय जुना कारखाना आधीच कर्जात होता, ते बारीक अक्षरात शेवटच्या पानांवर होतं. आणि एवढं सगळं असून शेअरचा भाव असा लावला होता की जणू ती गिऱ्हाइकं येऊन दारात बसलीच आहेत.

मी तुम्हाला जे सांगितलं ते मला शब्दाशब्दानं आठवतं. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. मी म्हटलं, "फोन वाढणार, यात शंका नाही. पण हीच कंपनी तोवर टिकेल की नाही, सांगता येत नाही. ज्याला पैसे दहा वर्षं विसरता येतील त्यानं थोडे घालावेत. लग्नाचे पैसे मुळीच घालू नयेत." तुम्ही म्हणालात, "म्हणजे हो की नाही?" मी म्हटलं, "सेठजींसाठी नाही." तुम्ही पुस्तक मिटून बाजूला ठेवलंत. मग म्हणालात, "मी सकाळी प्रश्न मांडला. लाभात गुरू आहे, उच्चीचा. इतका स्वच्छ प्रश्न मी कित्येक वर्षांत पाहिला नाही. या वेळी ग्रहच बोलतायत. तुझ्या खात्याची गरज नाही."

तुझ्या खात्याची गरज नाही! सात वेळा तुम्ही माझ्या चुलीपाशी पाणी प्यायला आलात, आणि आठव्या वेळी, जेव्हा मी खरंच चार दिवस घालवून एक गोष्ट मुळापासून तपासली होती, तेव्हा गुरू उच्चीचा निघाला. माझ्या जाण्याच्या वेळी मात्र हाच गुरू कुठे दडून बसतो? मी पुडीचा कागद चुरगाळून चुलीत घातला. तुम्ही बाहेर जाऊन सेठजींना "हाँ" म्हणालात आणि फॉर्म भरण्याचा मुहूर्त काढलात. पैसे टिकायला त्या वेळी उगवती रास, म्हणजे लग्न, स्थिर हवं म्हणून सिंह लग्न धरलंत. चैत्रातला तो शेवटचाच दिवस होता फॉर्म घ्यायचा, आधीचे दोन्ही दिवस भद्रा आणि रिक्तेत गेले होते. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. त्याआधी फॉर्म हातातून सुटता कामा नये, असं तुम्ही सेठजींना बजावलंत.

या कंपनीचे फॉर्म गावात एकाच बँकेत घेणार होते, आणि ती बँक आमच्या एक्सचेंजच्या समोर होती. तिच्या दारावर कागद चिकटवलेला मी रोज येता-जाता वाचत होते. शेवटच्या दिवशी फॉर्म दोन वाजेपर्यंतच, कारण फॉर्मांची थैली लखनौला जायची. सेठजी चौकातले, ते इकडे कशाला फिरकतात? आणि मॅनेजर ओळखीचा आहे, तो थांबेल, ही त्यांची खात्री. मुहूर्त मी ऐकला तेव्हा माझ्या हातात कैरी आणि किसणी होती, चैत्रगौरीची डाळ करायची होती. मी तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. मी नाही उघडलं. सेठजींना वाचवण्यासाठी नाही, अण्णा. सेठजींचा विचारही माझ्या मनात आला नाही. मला तुम्हाला पडलेलं बघायचं होतं. साऱ्या चौकात व्हायला पाहिजे होतं की महाराजांना साधी बँकेची वेळ कळत नाही. मग कोणी सुपारी ठेवायला येणार नाही, तुम्हाला तहान लागणार नाही, आणि मला कोणी धरून ठेवणार नाही. इतका सरळ हिशेब होता माझा. मी कैरी किसत राहिले.

झालं तसंच, पहिलं निम्मं. सेठजी मुनीमजींना घेऊन बँकेच्या दारात दोन वाजल्यापासून घड्याळ हातात धरून उभे, दोन दहाला आत गेले तर खिडकी बंद. मॅनेजर ओळखीचा होता पण थैली निघून गेली होती. संध्याकाळी सेठजी आपल्या जिन्यावरून वर आले ते धापा टाकत, आणि फॉर्म तसाच चौरंगावर ठेवून बसले. तुम्ही म्हणालात, "मेरी चूक हुई, सेठजी." मी आतून ऐकलं आणि मला आनंद व्हायला हवा होता, तो झालाही, पण सेठजींना पाणी द्यायला मी बाहेर गेले नाही. पुढचे तीन महिने बैठक जवळजवळ रिकामी होती. मी जबलपूरच्या पुढच्या बॅचचा अर्ज भरून ठेवला.

आणि मग पावसाळ्यात ती कंपनी बाजारात आली, आली ती खालीच आली, आणि रोज खाली खाली जात राहिली. चौकातल्या ज्यांनी मुहूर्त-बिहूर्त न बघता सकाळी दहालाच फॉर्म भरले होते त्यांची तोंडं काळी पडली. सेठजी मिठाईची टोपली आणि माझ्यासाठी एक जरीची साडी घेऊन आले आणि तुमच्या पायांवर डोकं ठेवलं. "महाराज, आपको सब पता था. हमको ना नहीं कह सके, तो ऐसा मुहूर्त दिया कि दरवाज़ा ही बंद मिले." तुम्ही दोन्ही हातांनी त्यांना उठवत म्हणालात, "नहीं सेठजी. मैंने तो हाँ ही कहा था. ग्रह पढ़ने में मुझसे भूल हुई." सेठजी बरोबरच्यांकडे वळून म्हणाले, "देखा? यही होते हैं विद्वान!" जितकं तुम्ही नाही म्हणालात तितकं त्यांना खरं वाटलं. पंधरा दिवसांत जिन्यावर चपला मावेनात. मिर्झापूरहून माणसं, जौनपूरहून माणसं, सगळ्यांच्या हातात फॉर्म. तुम्हाला तोंडघशी पाडायला निघालेली मी, तुम्हाला उचलून चौकाच्या मधोमध बसवून बसले होते. तुमच्या चेहऱ्यावर मात्र सुख नव्हतं. दोघंही त्या खोल्यांत अडकलो होतो, आणि बाहेर लोक रांग लावून ते अडकणं आणखी घट्ट करत होते.

नवरात्रात एका दुपारी तुम्ही आत आलात. पाणी मागितलं नाहीत. साडीचा खोका माझ्यापुढे ठेवलात आणि म्हणालात, "हे तुझं आहे. तू नाही म्हणाली होतीस, ते बरोबर होतं." मग जरा थांबून, "त्या बँकेची वेळ तुला माहीत होती का गं?" तुमच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती चौकशी होती, पाटीवरचं गणित जुळत नाही म्हणून विचारावी तशी. मी म्हटलं, "नाही. लक्षातच आलं नाही." तुम्ही मान हलवलीत. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की तुम्हाला ते पटलं. पटलं नव्हतं. बँक माझ्या ऑफिससमोर आहे हे तुम्हाला माहीत होतं, तुम्हीच पहिल्या पगाराला माझं खातं तिथे उघडून दिलं होतंत.

कोजागिरीनंतर, पंचगंगा घाटावर आकाशदिवे टांगायला लागले होते त्या सुमारास, मी ऑफिसातून आले तर तुम्ही म्हणालात, "तुझं प्रस्थान ठेवून आलो." मला आधी कळलंच नाही. प्रवासाचा मुहूर्त साधायचा पण त्या वेळी निघता येत नसेल, तर माणसाची एखादी वस्तू त्या मुहूर्तावर वाटेवरच्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे तो निघालाच असं धरतात. मग पाच दिवसांत खरं निघायचं. किती लोकांची प्रस्थानं तुम्ही ठेवायला सांगितली होतीत! माझी ऑफिसला नेसायची निळी साडी, हळकुंड आणि सुपारी गाठोड्यात बांधून तुम्ही स्वतः, गुडघे दुखत असताना, दूधविनायकापाशी तुमच्या मित्राच्या घरी ठेवून आला होतात. "चंद्र तसाही आठवाच राहणार," तुम्ही म्हणालात. "तू जा. कार्तिकातल्या बॅचला पोचशील. माझी काळजी करू नको, मला खिचडी येते." आणि मग बाहेरच्या खोलीत जाऊन बसलात, मी रडेन म्हणून.

पाच दिवस. पहिल्या दिवशी मी ट्रंक काढली. दुसऱ्या दिवशी तिकिटाची चौकशी केली. तिसऱ्या दिवशी वाटलं, निघताना तुमच्या पाया पडावं लागेल, आणि पाया पडताना ती बँकेची गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर नमस्कार कसला. चौथ्या दिवशी जौनपूरच्या एका माणसानं ठेवलेलं पुस्तक माझ्या हाती आलं, पेजर करणारी कंपनी होती, आणि मी पोळ्या करता करता ते उघडलं. अर्धं वाचून झालं तेव्हा माझ्या ध्यानात आलं की जबलपूरला, नागपूरला, कुठेही, कोणी माझ्या कणकेच्या डब्यावर असं पुस्तक ठेवून माझ्या उत्तराची वाट बघत बसणार नाही. तिथे मी शेकडो अधिकाऱ्यांतली एक असणार. इथे, दाराआड का होईना, पागोटेवाले लोक माझ्या एका शब्दावर थांबले होते. मला ते आवडत होतं, अण्णा. मला तुमचा राग यायचा आणि मला ते आवडायचं. पाचव्या दिवशी ऑफिसातून येताना मी दूधविनायकाला गेले, गाठोडं मागून घेतलं आणि घरी आणून फळीवर ठेवलं.

तुम्ही ते पाहिलंत. दुसऱ्या दिवशी जौनपूरच्या माणसाला तुम्ही त्याचं पुस्तक परत दिलंत आणि सांगितलंत, "शेयर का प्रश्न अब नहीं लेंगे." त्यानंतर कधीच घेतला नाहीत. मला मोकळं करण्यासाठी तुम्ही माझी बेडीच तोडलीत, आणि मी जिच्यासाठी राहिले होते ती तेवढी एकच गोष्ट होती. पेजरच्या कंपनीचं पुढे काय झालं ते मी पेपरात वाचलं. माझा अंदाज बरोबर निघाला, पण सांगायला कोणी नव्हतं. मी ट्रंक परत खाटेखाली सारली, एक्सचेंजात त्याच खुर्चीवर निवृत्त झाले, आणि कोणी विचारलं की सांगू लागले, अण्णांनी मुहूर्तच काढला नाही.

तुम्ही जाण्याच्या आदल्या वर्षी पुण्याचे मामा आले होते. जेवताना ते तुम्हाला टाकून बोलले, "भावजी, मी स्पष्ट बोलतो. ही पोरगी परीक्षा पास होती. तुम्ही पंचांग आडवं धरलंत म्हणून तिचं आयुष्य इथं कुजलं. आमच्या बहिणीला काय वाटलं असतं?" मी तुमच्या पानात वरण वाढत होते. तुम्ही घास खाली ठेवलात. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत. पाहिलं असतंत तर मी बोलले असते, असं मी फार दिवस धरून चालले. तुम्ही मामांना म्हणालात, "खरं आहे. चूक माझीच."

मामांनी भात कालवायला घेतला. मी तुम्हाला विचारलं, "तूप वाढू?" आणि वाढलं.